रात्रीच्या ट्रेकसाठी हलका, चार्जिंगचा हेडटॉर्च: कोणता आणि कसा निवडावा?

कारवी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पौर्णिमेला कात्रज ते सिंहगड रात्रीतून करायचं ठरलंय. मी, माझी बारा वर्षांची लेक आणि ऑफिसमधले सहा जण. जानेवारीत पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, एक रात्र तंबूत. आजवर अंधार पडायच्या आत गाडीपाशी पोचायचं असा घरचा नियम होता, म्हणून हेडटॉर्च कधी घेतलाच नाही.

मागच्या महिन्यात राजगडावरून उतरायला उशीर झाला. चोर दरवाजाच्या खालचा टप्पा आला तेव्हा मिट्ट काळोख. एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हातात रेलिंग. लेकीला धरायला हातच उरला नाही. "आई, पाय कुठे ठेवू?" असं ती विचारत होती, आणि उजेड तिच्या पायाशी नेला की माझी पायरी अंधारात जायची. खाली गुंजवण्यात पोचल्यावर चहा पिताना ठरवलं, दोघींच्या कपाळाला आता दिवा हवाच.

शोधायला बसले तर डोकं चक्रावलं. एक हेडटॉर्च पाचशे रुपयांना "१०,००० लुमेन" (म्हणजे उजेडाचं माप) म्हणतोय, दुसरा तीन हजारांना "४०० लुमेन". हे कसं काय? दोन्ही दिव्यांचं मिळून बजेट साडेसहा-सात हजार. वजन १०० ग्रॅमच्या आत हवं, कारण लेकीला काहीही जड घातलं की दहा मिनिटांत काढून ठेवते. चार्जिंग मोबाईलच्याच केबलने झालं तर उत्तम. वापरणाऱ्यांनी सांगा.

निशाचर

कारवी, जास्त विचार करू नका. नाइटकोर एनयू२५ ची हलकी आवृत्ती बघा, दोरीच्या पट्ट्यासकट ४५ ग्रॅम. ४०० लुमेन, टाइप-सी, वेगळा लाल दिवा. मी आठवड्यातून तीनदा पहाटे चारला सिंहगड पळत चढतो, कपाळावर काही आहे हे जाणवतच नाही. तुमच्या लेकीसाठी तर हाच.

जुना भटक्या

ताई, आधी एक गोष्ट सांगतो, मग दिव्याचं बोलू.

बऱ्याच वर्षांपूर्वी खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाला निघालो होतो. पाच जण, नोव्हेंबर महिना. खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी अंधार पडला. वरचा कातळटप्पा रेलिंग धरून नीट चढलो. कातळटप्प्याला सगळे घाबरतात, पण या वाटेवर माणसं चुकतात ती त्याच्या नंतर, वरच्या पठारावर. तिथे चढ-उतार एकसारखे, गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या, आणि धुकं आलं की दगडावरचे बाण दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. मी पुढे होतो. माझा चार्जिंगचा दिवा लख्ख चालू होता आणि एकदम गेला. आधी मंद होणं नाही, लुकलुकणं नाही. झाकण घातल्यासारखा काळोख. मागून येणारा माझ्या पाठीवर आदळला.

नंतर उलगडलं. एसटीत सॅक मांडीवर होती, तिच्यात बटण दाबलं गेलं आणि दिवा आतल्या आत दोन-तीन तास जळत राहिला. म्हणजे मी निघालोच होतो अर्ध्या चार्जिंगवर. सेल आत बंदिस्त, बदलता येईना. त्या रात्री आम्हाला गडावर नेलं ते मागच्या मित्राच्या तीन पेन्सिल सेलच्या साध्या दिव्याने. त्याचा उजेड माझ्या निम्मादेखील नव्हता.

तेव्हापासून माझे तीन प्रश्न ठरलेत, दुकानदाराला पहिले तेच विचारतो. एक, बटणाला लॉक आहे का? म्हणजे सॅकमध्ये दाबलं गेलं तरी पेटणार नाही असं. दोन, संपत आल्याची सूचना देतो का? तीन, रात्री दोन वाजता डोंगरावर संपला तर मी काय करणार? या तिसऱ्याचं उत्तर ज्याच्यापाशी आहे तो दिवा घ्यावा. लुमेन नंतर.

माझ्यापुरतं उत्तर म्हणजे हायब्रिड दिवा. यात चार्जिंगची बॅटरी निघते आणि तिच्या जागी तीन ट्रिपल-ए, म्हणजे बारीक पेन्सिल सेल बसतात. पेट्झलचा अॅक्टिक कोर असा आहे, बॅटरीसकट ८८ ग्रॅम. तीन सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून प्रथमोपचाराच्या डबीत ठेवतो. पाचनईत काय, खिरेश्वरात काय, पेन्सिल सेल किराणाच्या दुकानात मिळतात.

तांब्याची तार

धागा वर काढतोय, कारण त्या १०,००० लुमेनबद्दल कोणीच बोललं नाही. माझं रोजचं काम सर्किटशी आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोटारीचा साधा हॅलोजन दिवा ५५ वॉटचा असतो आणि लो बीमला साधारण १,००० लुमेन देतो. एलईडीला ढोबळमानाने एका वॉटला १०० लुमेन धरा. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॉट लागतील. कपाळावर १०० वॉट! इस्त्री टेकवल्यासारखं होईल. तेव्हा पाचशे रुपयांच्या खोक्यावर छापलेला तो आकडा निव्वळ खोटा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

आता खऱ्या आकड्यांकडे. चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ नावाच्या मानकाप्रमाणे मोजून छापतात. पण या मानकातल्या दोन गोष्टी समजून घ्या, नाहीतर खरा आकडादेखील फसवतो.

पहिली, "किती वेळ चालतो". या मानकात वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ४०० लुमेनच्या मोडपुढे काही तास लिहिले असतील तर ते ४०० लुमेनचे तास नव्हेत. पहिल्या काही मिनिटांत गरम होऊन दिवा स्वतःच खाली येतो आणि पुढे उतरत उतरत ४० लुमेनपर्यंत जातो, तो सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

दुसरी, "किती दूर पडतो". ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर छापतात. ०.२५ लक्स म्हणजे स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, वाट आहे की घळ हे नाही कळणार. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, पाव केलं की सोळापट. म्हणून छापलेल्या १०० मीटरचे वाट शोधायच्या कामाचे २५ मीटर समजा.

खरा हिशेब बॅटरीवरून करा. बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-अवरमध्ये लिहिलेली असते, तिला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की वॉट-अवर मिळतात. एनयू२५ मध्ये ६५० ची बॅटरी आहे, म्हणजे २.४ वॉट-अवर. १०० लुमेनला एक वॉट धरला तर सुमारे अडीच तास. अॅक्टिक कोरची १२५० ची, म्हणजे ४.६ वॉट-अवर, साडेचार तासांच्या आसपास. ४० लुमेनवर चालवलात तर दोन्हींचे तास अडीचपट होतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण खोक्यावरचा दावा याच्या कितीतरी पुढे गेला की समजायचं, उजेड मध्येच उतरवलाय.

आणि हो, बाजारात "१८६५०" प्रकारचे सुटे सेल मिळतात, बोटाएवढे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्यावर ९,८०० किंवा ९,९०० लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते. घरच्या काट्यावर ठेवून बघा, अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या पुढे-मागे भरतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक सेल २८ ग्रॅमचा निघाला. बाहेरचं वेष्टन कापलं तर आत छोटा सेल आणि भोवती पांढरी भुकटी भरलेली. तो सेल घेऊन एका मुलाने रात्रीचा ट्रेक केला होता, हे ऐकून मला खरंच राग आला.

कारवी

तांब्याची तार, एवढं नीट कुठेच वाचलं नव्हतं, मनापासून आभार. भटक्या काका, तुमचा तिसरा प्रश्न वहीत लिहून ठेवलाय.

आता माझी शंका. कात्रज-सिंहगडला आम्हाला सात-आठ तास तरी लागतील, लेक बरोबर आहे म्हणजे कदाचित नऊ. अडीच तासांचा दिवा कसा पुरणार? निशाचर, तुम्ही काय करता?

निशाचर

रास्त प्रश्न आहे. तारेचा हिशेब बरोबर आहे, पण १०० लुमेन सतत लागतच नाहीत.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाकडून पहिला चढ चढलात की पुढे बहुतेक सगळ्या उघड्या टेकड्या आहेत, झाडी कमी. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डाव्या हाताला सातारा रस्त्याचे. पौर्णिमा असेल तर माथ्यावरची वाट चांदण्यात पांढरी दिसते. तिथे मी १० लुमेनखाली चालतो, कधी बंदच करतो. चढाला ३०-४०. जास्त उजेड लागतो तो उतारांना. डिसेंबरात गवत वाळून पायाखाली निसटतं आणि मुरमाचा घसारा असतो. तिथे १५०-२०० लावतो, दहा-पंधरा मिनिटं, की परत खाली. अशा वापराने माझी पूर्ण रात्र निघते.

वर कमरेच्या पाउचमध्ये ५,००० ची छोटी पॉवर बँक. खायला थांबलो की लावायची.

पण एक मान्य करतो. मी एकटा असतो, वाट पाठ आहे आणि मी कोणाला सांभाळत नसतो. तुमच्याबरोबर मुलगी आहे. मागे वळून तिच्या पायाशी उजेड टाकणं, पुढची खूण शोधणं, हे सगळं तुम्हाला करायचंय. तुमच्यासाठी मोठ्या बॅटरीचा आणि तिच्यासाठी हलका, अशी वाटणी करा. माझं पहिलं उत्तर जरा घाईचं होतं.

डहाळी

मी कोकणातली, रात्रीच्या निरीक्षणाला आठवड्यातून दोन दिवस तरी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर असते. लुमेनबद्दल सगळे बोलले, रंगाबद्दल कोणी नाही, म्हणून लिहिते.

स्वस्त दिव्यांचा उजेड निळसर पांढरा असतो, ६,५०० केल्विनच्या घरातला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यात मातीचा, वाळल्या पानाचा आणि दगडाचा तपकिरी रंग एकसारखा राखाडी होऊन जातो. आता विचार करा, फुरसं, हा विषारी साप, केवढं असतं? हात-दीड हात. रंग कसा? वाळक्या पाचोळ्याचा. जांभ्याच्या सड्यावर ते वेटोळं घालून बसलेलं असलं तर त्या निळ्या उजेडात माझ्यासारख्या सरावलेल्या डोळ्यालाही चटकन कळत नाही. तेच ४,००० ते ४,५०० केल्विनच्या, जरा उबदार उजेडात त्याच्या पाठीवरची फिकट नागमोडी नक्षी वेगळी उठून दिसते. खोक्यावर "सीआरआय" (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेलं असेल तर ९० च्या वरचा घ्या, म्हणजे रंग जवळपास दिवसासारखे दिसतात. असे दिवे लुमेनमध्ये थोडे कमी भरतात. ते कमी घेतलेले परवडतात.

याच कारणासाठी लाल उजेडात कधीही चालू नये. लाल दिवा बसल्या जागी वापरायचा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती क्षणात घालवतो. मंद लाल उजेडाने ती बरीचशी टिकते, म्हणून तंबूत, तारे बघताना, शेजारी कोणी झोपलेलं असताना लाल. पण तंबूबाहेर पाय टाकायच्या आधी, बुटात पाय घालायच्या आधी पांढरा लावून बूट उलटा करून आपटायचा. मण्यार रात्रीच हिंडते आणि अंथरुणाच्या आसपास येते.

कारवीताई, तुमच्या लेकीला एक गंमत दाखवा. दिवा कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत असेल तरच दिसते. गवतावर झोत टाकून वीस-पंचवीस पावलांवर बारीक हिरवट-पांढरे ठिपके चमकतात का बघायला सांगा. दव वाटतं. जवळ गेलं की कोळी असतो, त्याच्या डोळ्यांतून आपलाच उजेड परत येतो. हातातल्या बॅटरीने हे जमत नाही. एकदा हे दिसलं की मुलं दिवा डोक्यावरून काढत नाहीत.

दोन विनंत्या. मे-जूनमध्ये राजमाचीला किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला जाल तेव्हा दिवे बंद ठेवा. काजव्यांची लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते, आपल्या झोताने ती तुटते. आणि कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तिथे रात्री झोत टाकू नका. त्या माश्या उजेडाच्या दिशेने येतात आणि उजेड तुमच्या कपाळावर असतो.

जुना भटक्या

डहाळी, कोळ्याचं वाचून आनंद झाला. माझ्या नातवाला दाखवणार.

धुक्याचं सांगायचं राहिलं होतं. हरिश्चंद्रगडाला जानेवारीत पहाटे धुकं मिळू शकतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. धुक्यात सगळे चूक करतात ती ही की दिसत नाही म्हणून उजेड वाढवतात. दिवा डोळ्यांच्या वर चार बोटांवर असतो, झोत धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा कपाळावरून काढा, उजेड कमी करा आणि पट्टा हाताला गुंडाळून कमरेखाली धरा. झोत आडवा पडला की दगडांच्या सावल्या पडतात, खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. स्वच्छ हवेतही उतारावर कपाळावरच्या दिव्याने जमीन सपाट भासते, कारण सावली दगडामागे लपते. मी अवघड उतारावर दिवा छातीवर, सॅकच्या पट्ट्याला अडकवतो.

म्हणून दिवा घेताना पट्टा सुटा होतो का, एका हाताने निघतो का, हेही बघा.

पाऊलवाट

मध्येच विचारतो, क्षमस्व. मी गेल्या महिन्यात एक टाइप-सी वाला हेडटॉर्च घेतला. नवीन मोबाईलच्या चार्जरला लावला तर चार्जच होत नाही. दुकानदार म्हणाला दिवा ठीक आहे, केबल बदला. तीन केबल बदलल्या. परत करू का?

तांब्याची तार

पाऊलवाट, केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी आहे ना? तिथेच गोम आहे. दोन्ही टोकं सी असली की चार्जर आधी पलीकडच्या वस्तूला विचारतो, कोणी आहे का? उत्तर देण्यासाठी दिव्याच्या आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. काही रुपयांचेही नसतात ते, पण स्वस्त दिव्यांत वाचवले जातात. उत्तर आलं नाही की चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या पद्धतीची, एका टोकाला चपटी यूएसबी-ए आणि दुसऱ्याला सी अशी केबल लावा, लगेच चार्ज होईल. तिच्यात चार्जरकडून पाच व्होल्ट कायम चालू असतात.

दिवा बिघडलेला नाही. पण ट्रेकला जाताना ती चपट्या टोकाची केबल सॅकमध्येच राहू द्या, आणि पॉवर बँकेला चपटं छिद्र आहे याची खात्री करा. तंबूत रात्री अकराला हे कळणं वाईट.

पाऊलवाट

झालं चार्ज! तीन आठवडे मी उगाच भांडत होतो. खूप आभार.

हिमगिरी

थंडीचा मुद्दा घालतो. दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला डिसेंबरात गेलो होतो, माथ्यासाठी पहाटे तीनला निघालो. तंबूच्या खिशात ठेवलेला माझा दिवा संध्याकाळी पूर्ण भरलेला होता, सकाळी निम्मा दाखवत होता. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली नीट वीज देत नाही. बाकीच्यांनी दिवे स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेतले होते, त्यांचे ठीक चालले. शून्याच्या खाली चार्जिंगला लावू नये, सेल आतून कायमचा खराब होतो.

विमानाने जात असाल तर सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.

सह्याद्रीत एवढी थंडी नसते. तरी हरिश्चंद्रगडाला जानेवारीत दिवा उशाशी घेऊन झोपा, सापडतोही लवकर.

कारवी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, माझं ठरलं. माझ्यासाठी हायब्रिड, लेकीसाठी ४५ ग्रॅमवाला. दोन्हीला बटणाचं लॉक आहे हे दुकानात दाबून बघितलं. पाण्याचं एक विचारायचं राहिलं. एकावर आयपीएक्स४ लिहिलंय, दुसऱ्यावर आयपी६६. पावसाळ्यात चालतील का?

तांब्याची तार

चालतील. शेवटचा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसतो. ६ म्हणजे जोरदार फवारा. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसात ४ वर टोपीची किंवा रेनकोटच्या हुडची कड पुढे ओढलेली पुरते. ओढ्यात पडायची भीती असेल तर ७ किंवा ८.

पाण्यापेक्षा चार्जिंगच्या छिद्राची काळजी घ्या. रबराचं झाकण नीट बसलंय ना बघा, आणि ओल्या छिद्रात केबल घालू नका. आधी फुंकर मारून, पुसून, रात्रभर उघडं ठेवायचं. घाम खारा असतो, त्यानेच आतल्या पिना हिरव्या पडतात. पट्टा महिन्यातून एकदा काढून साध्या साबणाने धुवा. पावसाळ्यानंतर दिवा काही महिने पडून राहणार असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा नको.

कारवी

जाऊन आलो! तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी घरी परीक्षा घेतली. माझा दिवा १०० लुमेनच्या मोडला रात्री आठला न्हाणीघरात लावून ठेवला, दर तासाला जाऊन बघत होते. साडेबारापर्यंत चांगला होता, मग उतरत गेला आणि एकच्या सुमारास एवढा मंद झाला की भिंतीवरची टाइल दिसेना. म्हणजे तारेचा कागदावरचा हिशेब जवळजवळ जुळला. हे स्वतः बघितल्यामुळे डोंगरावर मन शांत होतं.

कात्रजहून रात्री नऊला निघालो. निशाचरांनी सांगितल्याप्रमाणे माथ्यावर उजेड अगदी कमी, उतारावर वाढवायचा. आमच्यातल्या एकाने "सगळ्यात जास्त" वर लावून चालायला सुरुवात केली होती. त्याचा दिवा साडेबाराला गेला, मग तो माझ्या आणि लेकीच्या मध्ये चालला. तिसऱ्या की चौथ्या टेकडीच्या उतारावर घसारा इतका होता की आम्ही बसून उतरलो. मी दिवा छातीच्या पट्ट्याला लावला आणि खरंच, दगडांच्या सावल्या दिसायला लागल्या. दोन्ही हात मोकळे होते. एक जमिनीला, एक लेकीच्या मनगटाला. राजगडचा तो टप्पा आठवला.

कोळ्याचे डोळे दिसले, डहाळीताई. लेकीने मोजले, एकवीस. मग ती सगळ्यांना थांबवून दाखवत होती, त्यात आमचा अर्धा तास गेला आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागलो तेव्हा पहाटेचे पावणेसहा. माझ्या दिव्यात चौथाई शिल्लक, लेकीचा मधल्या एका थांब्यावर वीस मिनिटं पॉवर बँकेला लावला होता. ट्रिपल-ए सेल वापरायची वेळ आली नाही, डबीत तसेच आहेत.

एकच अडचण. लेकीचा पट्टा दोरीचा आहे, तिच्या मऊ केसांवरून सारखा मागे घसरत होता. घट्ट केला की कपाळावर वळ उठतो. हरिश्चंद्रगडाच्या आधी काय करू?

डहाळी

एकवीस! तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

पातळ सुती टोपी किंवा बफ (गळ्या-डोक्याला घालायची कापडी नळी) कपाळापर्यंत ओढून घ्यायचा आणि पट्टा त्यावरून. केसांवर घसरतो, कापडावर धरतो. वेणी असेल तर दोरीचा मागचा भाग वेणीच्या खालून घ्या, वरून नको.

जुना भटक्या

आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूने जुन्या सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा शिवून घ्या, दोन टाके पुरतात. माझा बारा वर्षं तसाच आहे. पाचनईतून जाताना ओढ्याची वाट कोरडी असेल, तरी पहिला कातळाचा टप्पा उजेडात पार करा.